'सिंहगड' न पाहता : मूकपटातला इतिहास आणि आपला जिल्हा



आत्ता आपण सगळ्यांनी मिळून 'शिराझ' पाहिला. १९२८ सालचा मूकपट, साधारण पावणेदोन तासांचा. खेळ सुरू व्हायच्या आधी सभागृहातल्या एका काकांनी आम्हाला विचारलं, "ताजमहालाची गोष्ट कशाला? आपला 'सिंहगड' लावायचा ना. मराठी माणसाचा पहिला मोठा ऐतिहासिक सिनेमा तो." प्रश्न रास्त आहे. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, असं समजा. पण उत्तर जरा लांबलचक आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

थोडक्यात सांगायचं तर 'सिंहगड' लावता येत नाही, कारण तो उरलेलाच नाही. आणि 'शिराझ' लावता येतो, कारण तो परदेशात कुणीतरी जपून ठेवला. आता या दोन वाक्यांत आपल्या मूकपटांचा अर्धा इतिहास आला. उरलेला अर्धा असा की, जे उरलं त्यावरूनच आपण सगळ्या काळाचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज चुकतो. कसा चुकतो ते पाहू.

आधी 'शिराझ'विषयी बोलू, कारण तो ताजा आहे. दिग्दर्शक जर्मन, फ्रान्झ ऑस्टेन. निर्माते हिमांशू राय, तेच नंतर बॉम्बे टॉकीजमुळे सगळ्यांना माहीत झाले. शिराझची भूमिकाही त्यांचीच. कथा निरंजन पाल यांची. पैसा आणि यंत्रणा इंग्लंड-जर्मनीची, माणसं आणि जागा आपल्या. या चित्रपटाचं सगळ्यात मोठं बळ कोणतं, तर तो खऱ्या जागी, खऱ्या उन्हात चित्रित झालाय. वाळूत चालणारे उंट पाहा, दगडी जिन्यावरून उतरणारी माणसं पाहा. त्या भिंती रंगवलेल्या पडद्याच्या नाहीत. हत्तीच्या पायाखाली शिराझला देण्याचा प्रसंग आला तेव्हा सभागृहात जी शांतता पसरली, ती संगीताने आणलेली नव्हती. हत्ती खरा होता आणि माणूसही खरा होता, म्हणून ती आली. आणि अभिनय पाहा. मूकपट म्हणजे डोळे वटारणं आणि छाती बडवणं, असं आपल्याला वाटतं. एनाक्षी रामाराव यांची सेलिमा जवळजवळ काहीच करत नाही. ती नुसती बघते, आणि तेवढ्यावर आपल्याला कळतं.

हे झालं कौतुक. आता टीका. 'शिराझ'ची गोष्ट इतिहासाची नाहीच. कुंभाराच्या घरी वाढलेली मुलगी, गुलामांच्या बाजारात विकली जाते, शहाजादा खुर्रमच्या महालात पोहोचते, तीच पुढे मुमताज. तिच्यावर लहानपणापासून प्रेम करणारा शिराझ तिच्या मरणानंतर, आंधळा झालेला असताना, ताजमहालाचा आराखडा देतो. खरी मुमताज म्हणजे अर्जुमंद बानो, आसफखानाची मुलगी, दरबारातल्या बड्या घराण्यातली. ताजमहालाचे मुख्य वास्तुकार म्हणून उस्ताद अहमद लाहोरी यांचं नाव इतिहासात घेतलं जातं. तेव्हा चित्रपटाने दंतकथा घेतली. त्यात गैर काही नाही. आख्यान आख्यानासारखंच पाहावं.

आमची तक्रार वेगळी आहे. मुमताज मेली कुठे? आग्र्याला नाही. १६३१ च्या जून महिन्यात ती बऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात गेली. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या उशाशी. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं, मग देह आग्र्याला नेला. शहाजहान बऱ्हाणपुरात काय करत होता? दख्खनच्या मोहिमेसाठी तळ देऊन बसला होता. आणि त्याच वेळी, १६३० ते १६३२ या काळात, गुजरात आणि दख्खनमध्ये इतका भयंकर दुष्काळ पडला होता की गावंच्या गावं ओस पडली. म्हणजे बादशहाचं दुःख आणि रयतेचं मरण हे एकाच मुलखात, एकाच वेळी चाललं होतं. चित्रपटात दुःख आहे, रयत नाही. गर्दी आहे, पण ती मिरवणुकीची आहे. पडद्यावर शेकडो माणसं चालत जातात आणि त्यांतल्या एकाच्याही पोटात भूक नाही.

आता कुणी म्हणेल, १९२८ च्या सिनेमाकडून एवढी अपेक्षा कशाला? ठीक आहे. पण मग आपल्या माणसांनी त्याच दशकात काय केलं, तेही पाहायला हवं. इथे 'सिंहगड' येतो.

'सिंहगड' १९२३ चा. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, बाबूराव पेंटर यांचा. बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे कलाकार. परदेशी कॅमेरा विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांच्या मंडळींनी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला. मावसभाऊ आनंदराव पेंटर आधीच वारले होते, तेव्हा काम पुरं करायला दामले सोबत होते, तेच पुढे 'प्रभात'चे दामलेमामा. त्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' झाला, १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याला लागला, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्यानंतर तीन वर्षांनी 'सिंहगड'.

गोष्ट हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरची. तानाजीच्या भूमिकेत बाळासाहेब यादव. शेलारमामा कोण, माहीत आहे? व्ही. शांताराम. बावीस वर्षांचा पोरगा, म्हाताऱ्याच्या दाढीत. रात्रीच्या प्रसंगांसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, ही त्या काळातली नवलाची गोष्ट. तेव्हा बहुतेक जण रात्र दिवसा उजेडीच चित्रित करायचे आणि नंतर फिल्मला निळा रंग द्यायचे. बाबूराव चित्रकार होते. अंधार म्हणजे निळं ऊन नव्हे, हे त्यांना कळत होतं.

हा चित्रपट पाहायला मुंबईत इतकी गर्दी लोटली की ती बघून सरकारला करमणूक कर बसवायचं सुचलं, असं चित्रपटाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. ही गोष्ट ऐकायला फार गोड आहे. तानाजीने मेल्यावरही सरकारला कामाला लावलं! पण नीट तपासली पाहिजे. मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा १९२३ चाच आहे, हे खरं. मात्र बंगालने असा कर १९२२ मध्येच बसवला होता. म्हणजे कल्पना आधीच हवेत होती, युद्धानंतर सरकारी तिजोऱ्याही रिकाम्या होत्या. 'सिंहगड'च्या गर्दीने सरकारला घाई झाली असेल, एवढं म्हणावं. आपल्या सिनेमाचं मोठेपण सांगायला अर्धी दंतकथा कशाला लागावी? बिनदंतकथेचाही तो मोठाच आहे.

हेच कथेच्या बाबतीत. 'गड आला पण सिंह गेला' हे महाराज म्हणाले आणि कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण शाळेत शिकलो. इतिहास संशोधकांनी दाखवून दिलंय की 'सिंहगड' हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रातही आहे. बाबूरावांनी कादंबरी घेतली, संशोधन घेतलं नाही. 'शिराझ'ने जे केलं तेच त्यांनीही केलं. फरक एवढाच की 'शिराझ'ची दंतकथा परक्यांना हिंदुस्थान दाखवायला होती आणि 'सिंहगड'ची दंतकथा आपल्याच माणसांना आपली ताकद आठवून द्यायला होती. ती आठवण किती धारदार होती ते सरकारला चांगलं कळत होतं. १९३० मध्ये 'प्रभात'ने शिवाजी महाराजांवर मूकपट काढला, महाराज झाले होते शांताराम. त्याचं नाव ठेवलं होतं 'स्वराज्याचं तोरण'. सेन्सॉरला 'स्वराज्य' शब्द चालेना. नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं. बघा, मूकपटाला आवाज नव्हता, पण त्याच्या नावातला एक शब्द सरकारला ऐकू गेला.

मग ही चित्रं गेली कुठे? याचं उत्तर रोमांचक नाही, कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच दुःखद आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेते, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षं सडते, चिकट होते, शेवटी भुकटी होते. दुसरं, चित्रपट चालला की प्रती गावोगाव फिरायच्या. यंत्रात दाते तुटायचे, तुकडे कापून जोडायचे, पुन्हा फिरवायचे. जो सिनेमा जास्त चालला तो जास्त झिजला. तिसरं, बोलपट आल्यावर मूकपटाला किंमत उरली नाही. फिल्मवर चांदी असते, ती काढून घेता येते. कुणीतरी वजनावर विकली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्याला सुरू झालं १९६४ मध्ये, तोवर मूकपट संपून तीस वर्षं झाली होती. पी. के. नायर यांनी जिवाचं रान करून जे सापडेल ते गोळा केलं. आणि त्यानंतरही २००३ च्या जानेवारीत पुण्यात आग लागून जुनी नायट्रेट रिळं जळाली. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले असं मानलं जातं. त्यांतले फार थोडे उरलेत, आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांत.

आता मघाचा मुद्दा पुन्हा घ्या. 'शिराझ' उरला, कारण त्याचं साहित्य लंडनच्या संग्रहात जपलं गेलं. तिथल्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो दुरुस्त केला, अनुष्का शंकर यांनी नवं संगीत दिलं, आणि २०१७ मध्ये तो पुन्हा लोकांसमोर आला. 'सिंहगड' कोल्हापूर-पुणे-मुंबईच्या माणसांसाठी होता, त्यांनी तो पाहून पाहून संपवला. परिणाम काय? आज कुणी परदेशी अभ्यासक, किंवा आपलाच एखादा कॉलेजातला मुलगा, भारतीय ऐतिहासिक मूकपट पाहायला बसला, तर त्याला राजवाडे, हत्ती, जनाना आणि गुलामांचा बाजार दिसतो. त्याला वाटतं, आपण तेव्हा असाच सिनेमा करत होतो. मावळे त्याला दिसतच नाहीत. जे विकायला बाहेर पाठवलं ते शिल्लक, जे घरच्यांनी खाल्लं ते संपलं. कोठारात उरलेल्या धान्यावरून घरात काय शिजत होतं, ते ठरवू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. कारण 'सिंहगड'कडे पाहायला वाशीमसारखी दुसरी जागा नाही, असं आम्हाला वाटतं. तुम्ही म्हणाल, कसं काय?

तानाजीने कोंढाणा घेतला ४ फेब्रुवारी १६७० ला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट झाली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी मराठ्यांची फौज वऱ्हाडात शिरली आणि कारंजा लुटलं. आपलं कारंजा लाड! मोठी पेठ, सावकार, व्यापारी, कापूस, कापड. लूट वाहायला चार हजार बैल आणि गाढवं लागली, असं जदुनाथ सरकारांनी लिहिलंय. गावातली बडी माणसं खंडणीसाठी धरून नेली. एक सगळ्यात मोठा सावकार मात्र निसटला. कसा? बायकी वेष करून. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की महाराजांची माणसं बाईला हात लावत नाहीत.

ही गोष्ट मनात ठेवून बाबूरावांचा पुढचा ऐतिहासिक चित्रपट आठवा. 'कल्याण खजिना', १९२४. कल्याणचा खजिना लुटला, सुभेदाराची सून पकडून आणली, महाराजांनी तिला मानाने परत पाठवलं. या चित्रपटाला लंडनजवळच्या वेम्बलीच्या प्रदर्शनात पदक मिळालं. म्हणजे ज्या नियमावर कल्याणचा चित्रपट उभा आहे, तोच नियम कारंजाच्या गोष्टीत आहे. कल्याणमध्ये तो महाराजांच्या बाजूने दिसतो, तिथे तो औदार्य आहे. कारंजात तो लुटल्या जाणाऱ्याच्या बाजूने दिसतो, आणि तिथे तो जीव वाचवायची एक युक्ती आहे. दोन्ही खरं. किंबहुना कारंजाची गोष्ट जास्त पटते, कारण शत्रूच्या बाजूचा माणूससुद्धा त्या नियमावर आपला जीव टांगायला तयार झाला. महाराजांच्या शिस्तीला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? पण त्यासाठी कॅमेरा लुटलेल्या गावात ठेवावा लागतो. ते तेव्हा कुणी केलं नाही. खरं सांगायचं तर आजही कुणी करत नाही.

हे बोलताना आम्हाला कुणाचा अनादर करायचा नाही. लढाईला पैसा लागतो, मुघलांच्या मुलखातून तो काढणं हा त्या युद्धाचाच भाग होता, आणि कारंजा तेव्हा मुघलांचंच होतं. आमचा मुद्दा सिनेमाचा आहे. ऐतिहासिक महापट गडावर चढणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बघतो. खालच्या पेठेत दार लावून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघत नाही. आपण वाशीमकर दोन्ही आहोत. छाती तानाजीच्या नावाने फुलते, आणि घर कारंजात आहे. अशा प्रेक्षकाला कोणता सिनेमा पुरेल? तानाजीसाठी टाळ्या वाजवून झाल्यावर त्या दार लावलेल्या घरात काय चाललं असेल, असा प्रश्न ज्याला पडतो, तो आमच्या मते चांगला प्रेक्षक.

आणि गंमत अशी की तो प्रश्न बाबूरावांना स्वतःलाच पडला असावा. 'कल्याण खजिना'नंतरच्या वर्षी, १९२५ मध्ये, त्यांनी 'सावकारी पाश' काढला. तलवारी नाहीत, घोडे नाहीत. कर्जात बुडालेला शेतकरी, जमीन गिळणारा सावकार, गाव सोडून शहरात जाणं. नारायण हरि आपट्यांची कथा. लक्षात ठेवा, 'सिंहगड'चे हरि नारायण आपटे वेगळे. शेतकरी झाले होते पुन्हा शांताराम. दोन वर्षांपूर्वी गडावर चढलेला शेलारमामा आता कर्जाखाली वाकला. जाणकारांनी वाखाणला, पण 'सिंहगड'सारखी गर्दी काही झाली नाही. लोकांना गड हवा होता, सातबारा नको होता. या जिल्ह्यात बसून आम्हाला ते वाक्य सोपं वाटत नाही. कापूस आणि सोयाबीन घेणाऱ्या आपल्या भागाला 'सावकारी पाश'ची गोष्ट सांगायची गरज नाही, ती घराघरात आहे. पण पडद्यावर ती दिसावी, असं आपल्याला किती वेळा वाटतं? तिकीट आपण कशाचं काढतो? हा मूक चित्रपटही आज उरला नाही, १९३६ मध्ये बाबूरावांनीच तो बोलपट म्हणून पुन्हा केला.

आता शेवटचा भाग. गेलेलं गेलं, मग करायचं काय? फ्रान्समधलं उदाहरण सांगतो. आबेल गान्स यांचा 'नेपोलियन', १९२७ चा, शेवटच्या भागात तीन पडदे एकत्र. तोही कापला गेला, विखुरला. केविन ब्राउनलो नावाच्या इंग्रज शाळकरी मुलाला १९५४ च्या सुमारास घरी बघायच्या छोट्या फिल्मवर त्याचे काही तुकडे मिळाले. पुढे सगळं आयुष्य तो माणूस जगभरातले तुकडे जोडत राहिला. आणि २०२४ मध्ये फ्रान्सच्या संग्रहालयाने सात तासांची आवृत्ती लोकांना दाखवली. सुरुवात एका शाळकरी मुलाच्या हातातल्या डब्यापासून.

आपल्याकडे तो डबा कुठे असू शकतो? जत्रेत तंबू लावणाऱ्या टूरिंग टॉकीजवाल्यांच्या घरी. बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर. जुन्या छापखान्यात, जिथे हस्तपत्रकं छापली जायची. पोहरादेवीच्या यात्रेत, कारंज्यात, रिसोडला, मंगरूळपीरला सिनेमा दाखवणारी घराणी होती आणि आहेत. तिथे फिल्म मिळेलच असं नाही. पण एखादं हस्तपत्रक, फोटो, तिकिटाचं पुस्तक, हिशेबाची वही मिळाली तरी चालेल. 'कल्याण खजिना' आज मुख्यतः त्याच्या भित्तिपत्रकामुळे डोळ्यांसमोर येतो, हे विसरू नका.

एक सूचना मात्र काळजीपूर्वक ऐका. जुना डबा सापडला तर घाई करू नका. विस्तवाजवळ, विडी-काडीजवळ, बंद गरम खोलीत तो उघडू नका. उन्हात ठेवू नका. फिल्म चिकट झाली असेल तर ओढून मोकळी करू नका, आणि घरच्या यंत्रावर लावून तर अजिबात बघू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मूकपट पाहिलेलं कुणी आता उरलेलं नसणार, पण आजी-आजोबांकडून ऐकलेलं सांगणारी माणसं आहेत. पाट्या मोठ्याने वाचून दाखवायला कोण बसायचं? पेटी-तबला कुणाचा? मराठी, उर्दू आणि गोरमाटी बोलणारी माणसं एकाच तंबूत बसून एकच चित्र बघत होती, तेव्हा कुणाला काय कळायचं? हे लिहून ठेवलं तर तो 'सिंहगड'चाच एक तुकडा समजा.

काकांना आमचं उत्तर एवढंच. 'सिंहगड' लावता आला असता तर आम्ही तोच लावला असता, आणि तानाजी दोरावर चढताना तुमच्याबरोबर टाळ्याही वाजवल्या असत्या. त्यानंतर दिवे लागल्यावर कारंजाविषयी बोललो असतो. 'शिराझ'नंतर बऱ्हाणपूरविषयी बोललो, तसंच.

पुढच्या महिन्यात 'कालिया मर्दन' बघायचाय, दादासाहेब फाळक्यांचा, १९१९ चा. तो बराचसा शिल्लक आहे. कालियाच्या डोहावर नाचणारा कृष्ण म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. लहान मुलांना जरूर आणा. आता प्रश्न विचारायचे असतील तर विचारा.